आवाज सापडला, तो पुरेसा नाही?

‘५२ हर्ट्झ’ (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवमाशाच्या शोधावरील माहितीपटाबद्दल प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया (रविवार पुरवणी) वाचल्या. इतका वेळ खिळवून ठेवून तो देवमासा नजरेस पडत नाही, हा त्यातला मुख्य आक्षेप मला पटत नाही.

हा प्राणी जगाला ठाऊक आहे तो फक्त आवाजावरून. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी अमेरिकी नौदलाने समुद्रतळावर बसवलेल्या ध्वनिग्राहकांनी १९८९ साली उत्तर प्रशांत महासागरात ही साद प्रथम टिपली. निळ्या देवमाशांच्या हाका साधारण १० ते ४० हर्ट्झच्या, फिन देवमाशांच्या २०च्या आसपास. ही मात्र ५२ची. अमेरिकेतील वुड्स होल या सागरविज्ञान संस्थेतील संशोधक विल्यम वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी सलग बारा वर्षे तिचा मागोवा घेतला. त्यांचा शोधनिबंध २००४मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या काळात तो देवमासा कुणीही डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरीही त्याचा दरवर्षीचा प्रवास नकाशावर उमटला. मला तर हेच थक्क करणारे वाटते! पाण्यात दूरवर पोचतो तो आवाज. प्रकाश काहीशे मीटरांतच विरतो. जो प्राणी ऐकूनच जगतो, त्याला ऐकूनच ओळखावे, यात उणे काय?

त्याला ‘एकाकी’ हे विशेषण आपण चिकटवले. त्याची हाक इतरांना ऐकू येत नाही, असे कोणत्याही नोंदीतून सिद्ध झालेले नाही. केवळ दृश्यासाठी बोटींनी त्याचा पाठलाग करत राहावे, अशी अपेक्षा प्रेक्षकांनी तरी धरू नये.

– एक प्रेक्षक