शिकण्याचे तास कामाच्या वेळेत धरावेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये आले आणि अंगणवाडीच्या नोंदवह्यांतले बरेचसे काम मोबाइलवर गेले. मेळघाटात सेविका म्हणून मी ते काम रोज करते. घरपोच आहार देताना चेहरा पडताळणी १ जुलै २०२५ पासून बंधनकारक झाली, त्याआधी आम्हाला एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. पडद्यावर चित्रे सरकत होती, आमचे मोबाइल मात्र पिशवीतच होते.

खरे शिक्षण गावात सुरू झाले. या पडताळणीचा ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो नवऱ्याच्या खिशात, नवरा मजुरीला दूर गेलेला आणि गरोदर बाई आहारासाठी दारात उभी, अशा वेळी काय करायचे हे पडद्यावर नव्हते. संध्याकाळी काम सुटल्यावर नवऱ्याला फोन लावून ओटीपीचा क्रमांक विचारावा, फोटो अंधाऱ्या खोलीत न काढता ओसरीच्या उजेडात काढावा, हे मला शेजारच्या गावच्या सेविकाताईंनी सांगितले. चेहऱ्याचा फोटो कशासाठी हवा, हे इथल्या कोरकू भाषेत कसे समजवायचे तेही त्यांच्याकडूनच शिकले.

याहून गंभीर गोष्ट उंचीची आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. बाळाने गुडघे दुमडले तर लांबी कमी भरते, त्या लांबीच्या मानाने वजन पुरेसे दिसते आणि तीव्र कुपोषित मूलही साधारण श्रेणीत जाऊ शकते. आपण भरलेला आकडा ॲप स्वीकारते; गुडघे दुमडले होते हे त्याला कसे कळणार? माझ्या हातून अशी एक नोंद झाली होती. बीट बैठकीत, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या एकत्र बैठकीत, एका अनुभवी ताईंनी ती पाहून विचारले, "डोकं कोणी धरलं होतं?" कोणीच धरले नव्हते. मदतनीस त्या दिवशी रजेवर होती आणि मी एकटीने माप घेतले होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी ते बाळ पुन्हा मोजले.

आमच्यातल्या तरुण सेविकांचा हात मोबाइलवर सफाईने चालतो, जुन्या सेविकांचा मापावर. दोघींना शेजारी बसवले तर दोघी शिकतात, पण आज हे शिकणे रस्त्यात, बसची वाट पाहताना किंवा रात्री घरी फोनवर होते आणि कामाच्या हिशेबात ते कुठेच धरले जात नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, दरमहा बीट बैठकीतले दोन तास अहवाल न मागता केवळ यासाठी राखून ठेवावेत. त्या वेळी मोबाइल उघडे असावेत, आपापल्या गावच्या खऱ्या नोंदी समोर असाव्यात आणि ज्या ताईला येते तिने शिकवावे. ॲपमध्ये मोठा बदल झाला की अशी बैठक लगेच घ्यावी आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. मदतनिसांनाही बोलवावे, कारण माप घेताना बाळाचे डोके त्यांनाच धरावे लागते.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका
मेळघाट, जि. अमरावती