माझी स्लिप न उघडणाऱ्या मॅडमना

मॅडम, स. न. वि. वि.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. पण पत्र मात्र उघडच लिहितोय. जे ऐकून घ्यायचं आम्ही ते चारचौघांत ऐकलं, मग आभार तेवढे खासगीत कशाला?

या महिन्यात ऑफिसच्या इंट्रानेटवर, म्हणजे आपल्या आतल्या साइटवर, पगाराची स्लिप मी एकट्याने वाचली. डोळसांना यात काय विशेष ते कळणार नाही. नोकरीला लागल्यापासून माझा पगार किती, कपात किती, कर्जाचा हप्ता किती हे आधी शेजारच्या टेबलाला कळायचं आणि मग मला. वाचून दाखवणारे सगळे भले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण हप्त्याच्या आकड्यापाशी आले की त्यांचा आवाज जो बारीक व्हायचा, तो नको वाटायचा.

ही साइट माझ्यासारख्या अंधाला वापरता यावी म्हणून तुमच्या आधी कोणी काहीच केलं नाही असं नाही. ‘वेळ मिळाला की बघू’ झालं, ‘एका माणसासाठी एवढा खटाटोप?’ झालं, ‘कुणाकडून तरी भरून घ्या ना’ तर नेहमीचंच. मग एका हुशार माणसाने पानाच्या कोपऱ्यात एक बटण आणून बसवलं. दाबलं की अक्षरं मोठी होतात. माझ्यासाठी, अक्षरं, मोठी! इंट्रानेट आता सर्वांसाठी सुलभ झाल्याची घोषणाही झाली, तीही पोस्टरचं चित्र टाकून. पडद्यावरचं वाचून ऐकवणाऱ्या माझ्या स्क्रीन रीडरने ती ‘ग्राफिक’ एवढीच वाचली.

खरं तर यात गुपित काही नाही. वेबसाइट सुलभ कशी करावी याचे डब्ल्यूसीएजी नावाचे नियम १९९९ पासून आहेत, २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली, पुढेही सुधारणा होत गेल्या. मी वापरतो तो एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला, तोच मुळी महागडी सॉफ्टवेअर परवडत नाहीत म्हणून. म्हणजे पैशांची सबब नाही, माहितीची तर नाहीच. सबब एकच, की आतली साइट बाहेरचं कुणी बघत नाही. अहो, पण बाहेरची साइट चालली नाही तर मी दुसरीकडे जातो. रजा टाकायला दुसरं इंट्रानेट कुठून आणू?

तुम्ही आलात, खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, ‘मला ऐकायचंय.’ आवाजाचा वेग ऐकून आधी दचकलात. तो कमी केला, आणि रजेच्या अर्जावर मी टॅब दाबत गेलो. ‘एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटण. बटण.’

‘यातलं सबमिट कुठलं?’

‘तेच तर!’

पुढे लेबलं, हेडिंग, माउसशिवाय न उघडणारं ते कॅलेंडर, यांचं काय काय केलंत ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला सांगायचंय ते वेगळंच. स्लिपची पाळी आली तेव्हा मी सहज म्हणालो, ‘माझीच उघडा, सगळ्यांना पाठ आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘नको. ती तुमची आहे.’ आणि चाचणीसाठी एक खोटा कर्मचारी तयार केलात, त्याची खोटी स्लिप बनवलीत आणि त्यावर काम केलंत. (त्याला पगार घसघशीत दिलात, तेवढं माझ्या साहेबांच्याही कानावर घाला.) माझा पगार ही माझी खासगी गोष्ट आहे, हे मीच विसरून गेलो होतो. तुम्ही नाही विसरलात.

आता बाणाच्या कळांनी कोष्टकातून फिरतो तेव्हा आकड्याच्या आधी रकान्याचं नाव ऐकू येतं. ‘मूळ वेतन’, मग आकडा. ‘कपात’, मग आकडा. हेडफोन लावून, पाहिजे तितक्या वेळा.

भलेपणा म्हटला की लोकांना हात धरून रस्ता ओलांडून देणं आठवतं. मदत केली की चार जणांना दिसावी, अशी हौस फार. तुमचा भलेपणा असा की मदतीची गरजच कमी झाली, आणि कुणाला पत्ताही लागला नाही. मनगट दुखतं म्हणून माउस टाळणारे आमच्या विभागातले एक जण परवा म्हणाले, हल्ली अर्ज कीबोर्डवरूनच भरून होतो, काय झालंय कोण जाणे. लाल-हिरव्यात घोळ होणाऱ्या दुसऱ्या एकाला रजा मंजूर की नामंजूर हे आता शब्दांत लिहिलेलं दिसतं. दोघांनाही वाटतं, साइट आपोआप सुधारली. माणसं अशी निवांत असलेली मला आवडतात, पण सुधारणा आपोआप होत नसतात, म्हणून हे पत्र.

आणि हो, आभारांच्या पोटात एक काम. प्रशिक्षणाच्या शेवटी जी प्रश्नावली आहे, तिच्यात चित्रं ओढून जोड्या लावायच्या आहेत. चित्रं कसली आहेत ते माझा स्क्रीन रीडर सांगत नाही आणि ओढण्याला पर्यायही नाही. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये ओढण्याबद्दल वेगळा नियमच आलाय, तुम्हाला माहीत असेलच. तक्रारीचं तिकीट टाकून ठेवलंय. प्रशिक्षणाची मुदत महिनाअखेर आहे, त्याआधी जमलं तर बघा.

आपला,
तळमजल्यावरचा एनव्हीडीएवाला