कुशनवाल्या काकांना

काका, नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि गडबडीत मला धड आभारही मानता आले नाहीत. म्हणून चारचौघांसमोर लिहितोय.

धुळवडीला साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा सोडला आणि पुढच्या वळणावर आईच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण निसटलं. कटाची आमटी बदामी रंगाच्या लेदर सीटवर सांडली. घरी आल्या आल्या मी कपड्यांचा साबण लावून डाग खसाखसा घासला, तर पिवळ्याचा लालभडक झाला. आई रात्री जेवली नाही. माझ्यामुळे गाडी नासली, एवढंच म्हणत राहिली.

सकाळी लिंबू आणि खाण्याचा सोडा घेऊनच मी तुमच्या दुकानाशी गाडी उभी केली. तुम्ही आधी माझ्या हातातला सोडा बाजूला ठेवलात. मग सीटवर बोट दाबून म्हणालात, "मधलं कातडं आहे, कडेचं रेक्झिन. सोड्याने कातडं कोरडं पडतं, पुढे तडकतं." आणि आईकडे वळून म्हणालात, "ताई, हळदीला क्षार लागला की लाल होणारच. कुंकू तरी कसं करतात?" आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

पांढरं व्हिनेगर दुप्पट पाण्यात घालून तुम्ही आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहिलंत. रंग सुटत नाही याची खात्री झाल्यावरच मऊ सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळलंत आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे नुसतं टिपत गेलात. घासणं नाहीच. माझ्या डोळ्यांदेखत लाल उतरून पुन्हा पिवळं झालं! तेलासाठी वर कॉर्नफ्लॉवरचा जाड थर दिलात, तो रात्रभर ठेवायला सांगितलात. सकाळी झटकला तेव्हा पिठाचे तेलकट गोळे झाले होते.

पुढचं तुम्ही सांगितलंत तसंच केलं. वाटीभर पाण्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब, घ्यायचा तो फक्त फेस, मग ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं. उरलेल्या पिवळेपणावर तुमचा उपाय म्हणजे ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पण कातड्यालाही ऊन सोसत नाही, म्हणून रोज सकाळचं कोवळं ऊन, तेही अर्धाच तास. नवव्या दिवशी डाग शोधावा लागत होता. शेवटी लेदर कंडिशनरचा हलका हात फिरवला. खोबरेल तेल लावू नका, ते मुरून कातडं काळवंडतं, हेही तुम्हीच बजावलं होतंत. मी ते नक्की लावलं असतं.

नवीन कव्हर घ्या, असं म्हणणं तुम्हाला सोपं होतं. तोच तर तुमचा धंदा. त्याऐवजी भर कामाच्या वेळी तुम्ही पाऊण तास माझ्या गाडीत गुडघ्यांवर बसलात, आणि आईच्या मनावरचं ओझं उतरवलंत. याचे पैसे मी कसे मोजणार होतो?

शिलाईच्या खाचेत अजून सुतभर पिवळी रेघ आहे. तिच्यामागे लागून टाका उसवू नका म्हणालात, म्हणून ती तशीच ठेवली आहे. पाडव्याला आई त्याच सीटवर बसून साताऱ्याला गेली. मांडीवर डबा होता.

आपला कृतज्ञ