एका मिलिग्रॅमचा हिशेब

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

भूलशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी, आतड्याच्या एका लांबलेल्या शस्त्रक्रियेच्या अखेरीस आपण मला वेळीच थांबवले होते. त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. ते आज या पत्रातून मानते.

रुग्णाला सुरुवातीपासून पॅनक्युरोनियम, म्हणजे स्नायू सैल ठेवणारे आणि सावकाश उतरणारे औषध, दिलेले होते. पोट शिवायला घेतल्यावर सर्जन ‘घट्ट लागतंय’ म्हणाले, आणि काम अर्ध्या तासाचेच उरले आहे, तेव्हा लवकर उतरणारे औषध बरे, अशा हिशेबाने मी त्याच जातीचे व्हेक्युरोनियम एक मिलिग्रॅम दिले. पाऊण तास उलटला, ड्रेसिंगही झाले, तरी रुग्ण श्वास घेईना. घाबरून मी स्नायूंचा सैलपणा उतरवणारे निओस्टिग्मिन भरू लागले, तेव्हा आपण सिरिंज बाजूला ठेवायला लावून रुग्णाच्या मनगटावर नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला विजेचे हलके झटके देणारे यंत्र) लावला. चार झटक्यांना अंगठा एकदाच, तोही जेमतेम, हलला.

‘एसटीतल्या सगळ्या जागा पॅनक्युरोनियमने धरल्यात, दोघं उतरले तिथे तू व्हेक्युरोनियम बसवलंस, म्हणून गाडी व्हेक्युरोनियमची होत नाही,’ असे आपण म्हणालात. स्नायूंवरील सुमारे तीन चतुर्थांश रिसेप्टर, म्हणजे ही औषधे जिथे बसतात त्या जागा, अडेपर्यंत अशक्तपणा दिसतच नाही. त्यामुळे आधीचे औषध बहुतांश जागी ठाण मांडून असताना वरून दिलेला छोटा डोस त्या आधीच्या औषधाच्याच चालीने उतरतो, हे मला त्या दिवशी उमगले. रुग्ण आतून जागा आणि बाहेरून लुळा राहू नये म्हणून आपण भूल चालू ठेवायला सांगितली, आणि चारही झटके दिसेपर्यंत आपण दोघी स्टुलावर बसून राहिलो. मगच निओस्टिग्मिन आणि त्याने नाडी मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट दिले. रुग्णाने पाच सेकंद डोके उचलून धरले, तेव्हा श्वासाची ट्यूब निघाली. (तेवढ्या एका खुणेवर आज मी ट्यूब काढणार नाही, यंत्रावर चौथ्या झटक्याच्या हालचालीचे पहिल्याशी गुणोत्तर ०.९ दिसायला हवे.)

ट्यूब काढताना आपण आणखी एक गोष्ट सांगितली होती: निओस्टिग्मिन दिल्यानंतर घशाची उबळ येऊन स्कोलीन (स्नायू सैल करणारे, झटपट उतरणारे औषध) द्यावे लागले, तर ते नेहमीच्या पाच-दहा मिनिटांत उतरेल या भरवशावर राहू नये, कारण स्कोलीनचे विघटन करणारे रक्तातले एन्झाइमही निओस्टिग्मिन रोखून धरते. पुढे एका रात्री हे शब्दशः कामी आले. मी घाई न करता रुग्णाला भुलेखाली ठेवून व्हेंटिलेटरवर श्वास देत राहिले.

आता माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये स्नायूंचा सैलपणा उतरवणारे सुगामाडेक्स आहे. ते रॉक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमला धरून निकामी करते, स्नायू सैल करणाऱ्याच अॅट्राक्युरियमला मात्र मुळीच नाही. म्हणून पहिले औषध कोणते, हे मी आजही चार्टच्या माथ्यावर लाल शाईने लिहिते, आणि विद्यार्थ्यांनी कारण विचारले की आपली एसटी सांगते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी