‘15 ते 20 वर्षे’ : आकडा छापलात, आता त्यामागचे कारणही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील दुर्मीळ आनुवंशिक आजारांवरच्या लेखात हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराला एक परिच्छेद मिळाला. त्यात एकच वाक्य ठळक अक्षरांत होते : लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण 15 ते 20 वर्षे जगतो. माझ्या सासरी हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. सासूबाई त्यात गेल्या, माझे यजमान गेले, धाकटे दीर आज अंथरुणाला आहेत. आम्ही ग्वाल्हेरची मराठी मंडळी आपला अंक मोबाइलवर वाचतो, त्यामुळे दुपारपर्यंत त्या ठळक वाक्याचा फोटो नात्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरला. इंदूर, देवास, उज्जैन, सगळीकडून फोन आले. ज्यांच्याकडे माझ्या पुतण्याच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, त्या बाईंनी तर सरळ विचारले, “मग मुलाची किती वर्षं धरून चालायचं?” पुतण्याला आज कोणतेही लक्षण नाही. त्याने तपासणी केलेली नाही. तरी त्याच्या आयुष्याचा हिशेब एका वाक्यावरून मांडला गेला, म्हणून हे पत्र.

आकडा खोटा नाही. वैद्यकीय पुस्तकांतही तोच आहे. पण तो सरासरीचा आहे आणि ‘लक्षणे सुरू झाल्यापासून’चा आहे, आणि लक्षणे सुरू कधी झाली हे आपल्याकडे कुणाला सांगता येते? डॉक्टर साधारणपणे हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींपासून मोजतात. घरच्यांना मात्र त्याच्या कितीतरी आधी माणूस बदललेला जाणवतो. यजमान आधी चिडके झाले, मग गप्प झाले, मग आयुष्यभर चोख ठेवलेले हिशेब चुकू लागले. निदान त्यानंतर पुष्कळ काळाने झाले. सासूबाईंच्या आजाराला तर त्यांच्या हयातीत नावच मिळाले नाही. त्यांचे हात आणि मान सारखे वेळावत, तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात कुणी त्याला वारे म्हणे, कुणी बाहेरचे. त्यांची वर्षे कुठल्या दिवसापासून मोजायची?

या आजाराचे मूळ चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने 1872 मध्ये आजाराचे वर्णन केले, पण जनुक हाती लागायला 1993 उजाडले. त्या जनुकात सी-ए-जी ही जनुकांच्या लिपीतली तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. 26 वेळांपर्यंत आली तर काही बिघडत नाही. 40 किंवा त्याहून अधिक वेळा आली तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. 36 ते 39 या पट्ट्यातल्या माणसांना होईल किंवा होणारही नाही. बहुतेकांना तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो, काहींना साठीनंतर, आणि थोड्या जणांना विशीच्या आत. विशीच्या आतला बहुधा वडिलांकडून आलेला असतो आणि तो भरभर वाढतो. अक्षरे जितकी जास्त तितका आजार लवकर, हे ढोबळमानाने खरे. पण तेवढ्यावरून एखाद्या माणसाचे वर्ष सांगता येत नाही. इतक्या वेगवेगळ्या माणसांसाठी ठळक टाइपातले एकच वाक्य कसे पुरेल?

माझे मुख्य म्हणणे मात्र वेगळेच आहे. या आजारात माणूस बहुतेक वेळा जातो तो न्यूमोनियाने. गिळण्याचे स्नायू ताळ्यावर राहत नाहीत, घास किंवा पाणी श्वासनलिकेत उतरते आणि छातीत जंतुसंसर्ग होतो. यजमानही त्यानेच गेले. हे एकदा कळले की ती 15 ते 20 वर्षे कपाळावर लिहून आल्यासारखी वाटत नाहीत. त्यातली काही ताटाशी, चमच्याशी, उशीच्या उंचीशी बांधलेली असतात. आपल्या लेखात याविषयी एक ओळही नव्हती.

दिल्लीच्या एका रुग्णालयातल्या स्पीच थेरपिस्ट मुलीने आम्हाला जे शिकवले ते शहाण्या, शिकलेल्या घरांतही ठाऊक नसते. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणे सुधारतात असा आमचाही समज होता. तिने आधी यजमानांना पाणी पिताना पाहिले. सगळ्यांत फसवे पाणीच, कारण ते घशातून फार वेगाने उतरते. मग पाणी, चहा, सगळे थोडे घट्ट करून द्यायचे ठरले. मऊ भातावर घट्ट वरण आणि भरपूर तूप, शिरा, खीर, ताकाऐवजी दही. चिवडा, शेव, पोहे बंद. हिवाळ्यात गजक, म्हणजे तिळगुळाची आमच्याकडची खुसखुशीत मिठाई, हा यजमानांचा जीव की प्राण, पण तिचा भुगा घशात पसरतो, म्हणून तीही बंद करावी लागली आणि ते लहान मुलासारखे रुसले. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा लहान, पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. जेवताना टीव्ही नाही आणि कुणी बोलायचे नाही. मराठी घरात पंगतीला गप्प बसणे किती कठीण ते आपण जाणताच. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. दात आणि जीभ रोज नीट स्वच्छ करायची, कारण तोंडातले जंतूच पुढे छातीत जातात. हनुवटी कुणाची किती खाली हवी आणि पाणी किती घट्ट, हे प्रत्येक रुग्णाला तपासूनच ठरवावे लागते, तेव्हा वाचकांनी हे पत्र वाचून घरच्या घरी प्रयोग करू नयेत.

दुसरी गोष्ट वजनाची. सतत हालणाऱ्या शरीराला खूप उष्मांक लागतात आणि हालचाल थोडी असली तरी या आजारात वजन घटतच जाते. सासूबाई शेवटी काडीसारख्या झाल्या होत्या. सांडतात म्हणून त्यांना ताट कमी वाढले जाई. कुणी दुष्ट नव्हते, कुणाला ठाऊक नव्हते एवढेच. यजमानांना आम्ही दिवसातून बऱ्याच वेळा थोडे थोडे भरवत असू. ते आईपेक्षा अधिक वर्षे जगले. एका घरातल्या दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण त्या वर्षांत ते कमी खोकले, तोल जाऊन कमी वेळा पडले आणि नातीला मांडीवर घेऊ शकले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मनाच्या त्रासाबद्दलही लिहायला हवे. उदासी या आजाराचाच भाग असते आणि जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त असतो. हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिन या औषधाने काहींची उदासी वाढते, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवून डॉक्टरांना सांगावे लागते. उदासीवर मात्र औषधे आहेत आणि ती लागू पडतात. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे. ठळक अक्षरांत छापायचेच तर हा क्रमांक छापा.

आजार मुळातून थांबवणारे औषध अजून आपल्या हाती नाही. जनुकावर थेट काम करणाऱ्या उपचारांच्या चाचण्या चालल्या आहेत. त्यातली एक मोठी चाचणी मार्च 2021 मध्ये मध्येच थांबवावी लागली, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवले नाही. सरकारचे 2021 चे दुर्मीळ आजार धोरण आहे, ठरावीक आजारांना 50 लाखांपर्यंत मदतही आहे. पण आम्हाला आज लागतो तो गिळणे तपासणारा माणूस, चालणे सावरणारा फिजिओथेरपिस्ट आणि तरुण मुलांशी शांतपणे बोलणारा आनुवंशिकतेचा समुपदेशक. ग्वाल्हेरला मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे, हाताशी जयारोग्यसारखे रुग्णालय आहे. महिन्यातून एक सकाळ हे तिघे एका खोलीत बसले तरी भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरीच्या कुटुंबांना दिल्लीची गाडी पकडावी लागणार नाही. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी.

आता पुतण्याविषयी. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी, आणि न येण्याचीही निम्मी. ज्याला तो आला नाही त्याच्या पुढच्या पिढीलाही त्याच्याकडून येत नाही. रक्ताच्या तपासणीने हे कळते, पण ती करायची की नाही हे सज्ञान माणसाने स्वतः ठरवायचे असते, समुपदेशनानंतर. सासरच्यांनी, मावशी-आत्यांनी किंवा विहीणबाईंनी ठरवायचे नसते. आम्ही त्या घरी काहीही लपवलेले नाही आणि लपवणारही नाही. माझ्यापासून लपवले गेले होते आणि त्याचे दुःख मी अजून विसरलेले नाही. पण उघडपणे सांगणाऱ्या मुलाला आपल्या अंकातले वाक्य पुढे करून नकार मिळणार असेल, तर उद्या कोण खरे सांगेल?

दिरांना गेल्या पंधरवड्यात ठसका वाढला आहे, त्यामुळे मला घराबाहेर पडता येत नाही, नाहीतर प्रत्यक्ष भेटून बोलले असते. पुढच्या रविवारी जागा काढून एखाद्या न्यूरोलॉजिस्टकडून आणि स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याच्या काळजीवर सविस्तर लिहून घ्यावे. लेखासोबत रुग्णाला कसे बसवायचे त्याचे चित्रही द्यावे, कारण भरवणाऱ्या कितीतरी बायांना वाचता येत नाही. आणि या आजाराच्या एखाद्या कुटुंबाचे पत्र आपल्याकडे आले, तर माझा पत्ता आणि फोन त्यांना खुशाल द्यावा.

आपली नम्र,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर
(नाव छापू नये, ही विनंती.)