संस्थेचे लॉक न काढता विकलेल्या जुन्या आयपॅडबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पूर्ण तपासलेला म्हणून विकलेल्या आयपॅडवर आधीच्या संस्थेचे लॉक कायम असल्याबाबत व त्याची वॉरंटी नाकारल्याबाबत.

संदर्भ : १) खरेदीची पावती व आपले तपासणी प्रमाणपत्र. २) माझी तक्रार बंद केल्याचा आपल्या विभागाचा ईमेल.

महोदय / महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविते की, आपल्या कंपनीकडून मी फक्त वाय-फायवर चालणारा एक वापरलेला आयपॅड १८० दिवसांच्या वॉरंटीसह विकत घेतला. पहिले ४७ दिवस तो विनातक्रार चालला. त्यानंतर तो वारंवार अडकू लागल्यामुळे मी त्यातील माझ्या फाइल्स बाजूला काढून घेतल्या, माझे खाते रीतसर साइन आउट केले आणि सेटिंग्जमधील नेहमीच्या पर्यायाने तो पूर्ण रीसेट केला. भाषा निवडून वाय-फायचा पासवर्ड टाकल्यावर पुढच्या स्क्रीनवर ‘रिमोट मॅनेजमेंट’ असे शब्द आले आणि त्यांच्याखाली एका शिक्षणसंस्थेचे नाव आले. पुढे जाण्यासाठी त्या संस्थेने दिलेले युजरनेम व पासवर्ड मागितले जात होते. त्या संस्थेशी माझा कधीही संबंध आलेला नाही. तिचे नावही मी त्या दिवशी प्रथमच वाचले.

आपल्या विभागाने माझी तक्रार ‘ग्राहकाने स्वतः रीसेट केल्यामुळे उद्भवलेली पासवर्डची समस्या’ असा शेरा मारून बंद केली आहे. हा शेरा मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या तीन प्रतिनिधींशी बोलल्यानंतरही हे लॉक नेमके कुठे असते याचा उलगडा त्यांच्यापैकी कोणालाच झालेला दिसला नाही.

शाळा-महाविद्यालये आणि कंपन्या जेव्हा अशी उपकरणे घाऊक घेतात, तेव्हा प्रत्येक उपकरणाचा सिरियल नंबर ‘अ‍ॅपल स्कूल मॅनेजर’ किंवा ‘अ‍ॅपल बिझनेस मॅनेजर’ या व्यवस्थेत त्या संस्थेच्या नावावर चढवला जातो. ही नोंद सर्व्हरवर असते, आयपॅडच्या आत नसते. रीसेट केलेला आयपॅड सुरू होताना इंटरनेटवरून ही नोंद तपासतो आणि नोंद सापडली की संस्थेचे नियंत्रण पुन्हा लागू करतो. त्यामुळे आयपॅड कितीही वेळा कोरा केला तरी हे लॉक जात नाही, आणि कोरा केल्यामुळे ते नव्याने लागतही नाही. ते विक्रीच्या दिवशीही होते. मी रीसेट केल्यावर ते फक्त दिसले. भाड्याच्या घरातली ओल रंगाखाली झाकून ठेवायची आणि पावसाळ्यात ती वर आली की भाडेकरूलाच जाब विचारायचा, असा हा प्रकार आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करते. आयपॅड हाती आला तेव्हा तो थेट होम स्क्रीनवरच उघडला. भाषा, देश, वाय-फाय यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. त्या वेळी मला ती आपली तत्परता वाटली होती. आता मात्र तिचा वेगळाच अर्थ लागतो. आपल्या प्रमाणपत्रात ‘पूर्ण रीसेट करून नव्याने सेटअप केले’ असे छापलेले आहे. तसे खरोखर केले असते, तर मला दिसलेली स्क्रीन आपल्या तंत्रज्ञालाही दिसायलाच हवी होती. म्हणजे एकतर ती तपासणी झालीच नाही, किंवा स्क्रीन दिसली आणि एखाद्या बायपास सॉफ्टवेअरने ती तात्पुरती ओलांडून उपकरण विकले गेले. आयपॅड विकून टाकल्यानंतर संस्थेने तो मागाहून आपल्या नावावर चढवला असेल, असे म्हणणे फारच धाडसाचे होईल.

त्याच प्रमाणपत्रातील ‘आयएमईआय तपासणी : उत्तीर्ण’ या ओळीकडेही आपले लक्ष वेधते. आयएमईआय हा मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या उपकरणांना मिळणारा क्रमांक आहे. फक्त वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडला तो नसतोच. जो क्रमांक अस्तित्वातच नाही तो उत्तीर्ण कसा झाला, हे मला समजलेले नाही. शिवाय तो क्रमांक असता तरी त्यावरून संस्थेचे लॉक कळले नसते, कारण आयएमईआय ज्या यादीशी ताडून पाहतात ती चोरीस गेलेल्या फोनची यादी आणि संस्थेच्या नावावरील नोंद यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आयपॅडची मागची बाजू तिरप्या उजेडात धरली की खालच्या कडेजवळ दोन बोटे रुंदीचा एक चौकोन दिसतो. तिथली चकाकी बाकीच्या पत्र्यापेक्षा निराळी आहे आणि नख फिरवले की गोंदाचा चिकटपणा अजून जाणवतो. संस्था आपल्या मालमत्तेवर क्रमांकाचे स्टिकर लावतात, तसेच ते असावे. म्हणजे स्टिकर खरवडण्याइतका वेळ कोणीतरी काढला होता. त्याचा फोटो सोबत जोडला आहे.

आपल्या पहिल्या प्रतिनिधीने मला मूळ मालकाच्या अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड आठवतो का ते पाहायला सांगितले. २०१३ साली आयओएस ७ बरोबर आलेले, मालकाच्या वैयक्तिक खात्याशी बांधलेले अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आणि हे लॉक यांत त्यांची गल्लत झाली होती. (मूळ मालकाचा पासवर्ड मला आठवावा, ही अपेक्षा तशीही विलक्षणच आहे.) दुसऱ्या प्रतिनिधीने आयपॅड संगणकाला जोडून एक सॉफ्टवेअर चालवण्याचा सल्ला दिला आणि त्याची लिंकही पाठवली. ते मी केलेले नाही व करणारही नाही. अशा सॉफ्टवेअरने सर्व्हरवरील नोंद हटत नाही, पुढच्या रीसेटला आपण पुन्हा त्याच स्क्रीनवर येतो, आणि अनोळखी प्रोग्रॅमच्या हाती आपले उपकरण दिल्याचा धोका वर राहतो. दुसऱ्या संस्थेच्या नावावर नोंदलेले उपकरण असे ‘उघडून’ वापरणे मला प्रामाणिकपणाचेही वाटत नाही. तिसऱ्या प्रतिनिधीने ‘वरिष्ठांना कळवतो’ असे सांगितले आणि त्यानंतर तक्रार बंद झाल्याचा ईमेल आला.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. संस्थेच्या नियंत्रणाखाली आलेल्या आयपॅडवर तिचा प्रशासक दुरून अ‍ॅप टाकू वा काढू शकतो, काही सुविधा बंद करू शकतो आणि संपूर्ण आयपॅड पुसूनही टाकू शकतो. माझे खासगी संदेश वा फोटो त्याला वाचता येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण माझे काम ज्यावर आहे ते उपकरण तिऱ्हाइताच्या एका आदेशाने कोरे होऊ शकणे, हे मालकीच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. आपण मला वापरण्याची तात्पुरती मुभा विकली आणि पावतीवर मात्र आयपॅड असे लिहिले.

हे लॉक रीतसर काढण्याचा मार्ग एकच आहे. ज्या संस्थेच्या नावावर सिरियल नंबर आहे, तिच्या प्रशासकाने तो आपल्या यादीतून मुक्त करायचा आणि त्यानंतर आयपॅड पुन्हा रीसेट करायचा. संस्थेच्या बाजूने हे काम काही मिनिटांचे असते. जुनी उपकरणे निकाली काढताना ते राहून गेले असण्याचीही शक्यता आहे. पण त्या संस्थेला विनंती करायची तर उपकरण कोणामार्फत, केव्हा बाहेर पडले याची कागदपत्रे लागतील, आणि ती आपल्याकडेच असू शकतात. मला मिळालेली पावती तिथे काहीच सिद्ध करत नाही.

तरी माझी मागणी अशी आहे की, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत एकतर आपण त्या संस्थेकडून हा सिरियल नंबर मुक्त करून घेऊन तसे मला लेखी कळवावे, किंवा आयपॅड आपल्या खर्चाने परत नेऊन मी भरलेली संपूर्ण रक्कम, पाठवणीच्या खर्चासह, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. कूपन किंवा पुढील खरेदीवरील सवलत मी स्वीकारणार नाही. बदली आयपॅडही मला नको आहे, कारण त्याची तपासणी याच पद्धतीने झालेली असणार. तसेच, माझ्या तक्रारीवरील ‘ग्राहकाने केलेल्या रीसेटमुळे’ हा शेरा दुरुस्त करून त्याची प्रत मला मिळावी.

आयपॅड त्या संस्थेने हरवलेला वा चोरीस गेलेला म्हणून नोंदवला आहे काय, हेही आपण तपासून लेखी कळवावे. ते कळेपर्यंत तो मी बंद करून ठेवला आहे.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, तपासणी प्रमाणपत्राची प्रत, ‘रिमोट मॅनेजमेंट’ स्क्रीनचा फोटो, मागील बाजूचा फोटो, आपल्या प्रतिनिधींशी झालेला ईमेल व्यवहार.