सूतभर फट

पुणे,
१० नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

टेबल झाले की अजून लाकडेच तासतो आहेस, हा प्रश्न तू गेल्या पत्रातही विचारला होतास आणि या पत्रातही विचारला आहेस. झाले. आईच्या पलंगाशेजारी उभे आहे आणि डुगडुगत नाही. मार्चमध्ये हाती घेतलेल्या कामाला आठ महिने लागले, आणि त्यांतले निम्मे पावसाने व ड्रॉवरने खाल्ले. तूही असेच टेबल करणार म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकूड मी नवे घेतले नाही. बल्लारशाच्या सागाचा घनफुटाचा भाव विचारला आणि पाडलेल्या वाड्यांचे सामान विकणाऱ्या एका वखारीची वाट धरली. तिथे दाराची एक चौकट मिळाली. वर रंगाचे तीन थर होते, पण पहिला रंधा मारताच नव्या चपलांच्या दुकानात येतो तसा सागाचा वास सुटला आणि माझे पैसे वसूल झाले. "एकही खिळा नाही, साहेब," असे वखारवाल्याने छातीठोकपणे सांगितले होते. एक होता. सॉ मिलमध्ये चिरताना तो करवतीच्या वाटेत आला नाही, आला तो थेट रंध्याच्या, आणि तोही तुझ्या बाबांच्या लोखंडी रंध्याच्या. पात्याच्या धारेवर तांदळाच्या कणीएवढी खाच पडली. ही कबुली मी इतके दिवस लांबवली, त्याबद्दल आधी क्षमा मागतो आणि मग पुढचे लिहितो.

टेबलाची उंची २२ इंच आणि वरची फळी १८ बाय १६ इंच. पाय दीड इंच चौरस घेऊन खाली इंचापर्यंत निमुळते केले. मिस्त्री मंडळींप्रमाणे मीही आता सुतांत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांत, विचार करतो: आडव्या पट्ट्या ६ सूत जाडीच्या, म्हणून त्यांची कूस, म्हणजे पायाच्या खोबणीत शिरणारे टोक, तिसऱ्या हिश्शाची, म्हणजे २ सुतांची. खोबणी पटाशीने पाडल्या. सागात वाळूसारखे बारीक सिलिकाचे कण असल्यामुळे धार लवकर जाते, त्यामुळे दर दोन खोबणींनंतर दगडावर धार लावत बसावे लागे. साग अंगचाच तेलकट असतो, तेव्हा सांधे जोडण्याआधी ते थिनरने पुसून लगेच फेव्हिकॉल लाव. माझा एक सांधा न पुसल्यामुळे आठवड्याने सहज हातात आला होता.

वरची फळी चार-चार इंचांच्या चार पट्ट्या जोडून केली. ती खालच्या चौकटीला कायमची चिकटवायची नाही, एवढे मात्र लक्षात ठेव. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत हवेतली ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. सोळा इंचांत हा फरक सूतभर सहज पडतो, आणि फळी जखडून ठेवली तर ती तडकते. म्हणून चौकटीच्या आतल्या बाजूला खाचा पाडून त्यांत लाकडी गुटके अडकवले आणि स्क्रू गुटक्यांतून फळीत घेतले. फळी जागच्या जागी सरकते आणि वर उचललीही जात नाही.

हे सारे शास्त्र मी फळीला लावले आणि ड्रॉवरला लावायचे विसरलो. एप्रिलच्या कोरड्या हवेत ड्रॉवरचे कोपरे डव्हटेलने, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरट दातांनी, जोडले, तळाचा प्लाय खाचेत मागून सरकवला आणि बाजूच्या चार इंची पट्ट्या अशा तंतोतंत बसवल्या की ड्रॉवर ढकलला की आतली हवा हुस्स करून बाहेर येई. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो आवाज ऐकवत असे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आत राहिल्या आणि ड्रॉवर जागचा हलेना. मूठ ओढली तर मूठच हातात आली. आई म्हणाली, "त्यापेक्षा दुकानातून आणले असतेस तर निदान उघडले असते."

शेवटी ते गुटकेच कामी आले. आठ स्क्रू सोडवून फळी उचलली, वरून हात घालून ड्रॉवर आतून पुढे लोटला आणि गोळ्या बाहेर काढल्या. पट्ट्यांच्या वरच्या कडेवर दोन ठिकाणी घासून काळपट चकाकी आली होती. तेवढ्याच जागी, पेन्सिलीने खूण करून, रंध्याचे अगदी हलके दोन हात मारले, मग मेणबत्ती घासली आणि थांबलो. तिसरा हात मारण्याचा मोह फार झाला होता. आज नोव्हेंबरात ड्रॉवरवर पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसते. तुला ती खटकेल. मला आता खटकत नाही, कारण पुढच्या जुलैत तिचे काय होणार हे मला ठाऊक आहे. तू ड्रॉवर उन्हाळ्यात करणार असशील तर फट ठेवूनच कर, आणि भर पावसात करणार असशील तर हवा तितका घट्ट कर.

पॉलिशचीही घाई मीच केली. चपडा लाख स्पिरिटमध्ये, लिटरला पाव किलो या हिशेबाने, रात्रभर भिजवून गाळली आणि कापसाच्या बोळ्याला जुने मलमल गुंडाळून ऑगस्टमध्येच पहिले हात दिले. सकाळी फळीवर दुधाच्या सायीसारखा पांढुरका थर होता. स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग थंडावतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते, तेच लाखेत अडकते. टेबल तसेच झाकून ठेवले. ऑक्टोबरच्या कडक उन्हात केवळ स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवताच तो थर निघून गेला, आणि त्यावर रोज एक-दोन असे दहा-बारा पातळ हात दिले. चकाकी पाहून मेहनत विसरलो. गरम कप मात्र लाखेला सोसत नाही, म्हणून आईच्या चहाखाली आता बशी सक्तीची आहे, आणि ती बशी ठेवायला आई रोज विसरते.

राहता राहिला रंधा. पाते दोनदा घासून आणले, तरी खाच पुरती गेलेली नाही. फळी उलटी केलीस आणि उजेड तिरपा धरलास तर तिच्या खालच्या अंगावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढी उंच रेघ बोटाला लागेल. ती त्या खाचेची आहे. वरची बाजू पॉलिश पेपरने साफ केली, खालची तशीच ठेवली. पाते नवे टाकू की हेच आणखी झिजवू, हे तू काकूंना विचारून कळव. त्यांच्या संमतीशिवाय मी त्याला हात लावणार नाही.

काकूंना साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
बालमित्र